कर नाही त्याला डर कशाला? डिजिटल काळातला खासगीपणाचा हक्क



आजच्या विषयाची सुरुवात आपण एका वडापावपासून करू. मागे एका तालुक्याच्या गावी आम्ही कायदा-साक्षरतेच्या शिबिरासाठी गेलो होतो. एसटी स्टँडजवळच्या गाडीवर वडापाव घेतला. खाऊन झाल्यावर हातातला कागद सहज उलटून पाहिला, तर ती कुणाच्या तरी अर्जाची झेरॉक्स निघाली. नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल नंबर, खाली सही आणि वरच्या कोपऱ्यात फोटो. एका बाईंनी कुठल्याशा योजनेसाठी भरलेला अर्ज होता तो. 'विधवा' या शब्दापुढे बरोबरची खूण केलेली होती आणि त्यावर तेलाचा डाग पडला होता.

त्या बाईंनी तो कागद विश्वासानं दिला असणार. त्याशिवाय काम होणार नाही म्हणून दिला असणार. तो कुठल्या रद्दीतून कुठे गेला, हे त्यांना कधीच कळलं नाही. आम्ही तो फाडून टाकला. पण फाडताना मनात आलं, की कागद निदान फाडता तरी येतो. हाच अर्ज ऑनलाइन भरला असता तर त्याच्या किती प्रती झाल्या असत्या, कुणाकडे गेल्या असत्या, आणि त्या फाडायच्या कशा?

आजचं व्याख्यान या प्रश्नाबद्दल आहे. आपली माहिती जपली जाणं ही कुणाची मेहेरबानी आहे, कंपनीनं दिलेली सोय आहे, की माणूस म्हणून आपला हक्क आहे? आमचं म्हणणं असं, की तो हक्क आहे. आणि ज्याच्या हातात सत्ता कमी, पैसा कमी, त्याला तो सगळ्यात जास्त लागतो.

आधी शब्दाबद्दल

मराठीत 'प्रायव्हसी'साठी आपण बहुतेक वेळा 'गोपनीयता' म्हणतो. या शब्दानं थोडा घोटाळा होतो. गोपनीय म्हणजे लपवलेलं. मग लगेच वाटतं, लपवायचं असेल त्यालाच याची गरज. त्यापेक्षा 'खासगी' हा आपला जुना शब्द बरा. होळकरांच्या कारभारात 'दौलत' आणि 'खासगी' अशी दोन वेगळी खाती होती. दौलत राज्याची, खासगी घराण्याची. खासगी खातं काही चोरून ठेवलेलं नव्हतं. ते आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्यावर हुकूम कुणाचा चालणार, हे ठरलेलं होतं.

खासगीपणाचा अर्थ हाच आहे. माझ्याबद्दलची गोष्ट कुणाला, कधी, कशासाठी सांगायची, हे मी ठरवणार. डॉक्टरला मी आजार सांगतो, म्हणून तो माझ्या मालकाला कळावा असं होत नाही. बँकेला पगार कळतो, म्हणून तो अख्ख्या गल्लीला कळावा असंही नाही.

'कर नाही त्याला डर कशाला?'

आमच्या प्रत्येक शिबिरात हा प्रश्न येतोच. कुणीतरी उठतं आणि म्हणतं, 'अहो, आम्ही साधी माणसं. आमच्या मोबाइलमध्ये गुड मॉर्निंगचे मेसेज आणि नातवंडांचे फोटो. बघेनात का कुणीही! कर नाही त्याला डर कशाला?'

म्हण चांगली आहे. पण ती एक गोष्ट गृहीत धरते, की 'कर' म्हणजे काय हे ठरवणारा माणूस न्यायी आहे आणि उद्याही तो न्यायीच राहणार आहे. इतिहासात तसं घडलेलं नाही, आणि त्यासाठी फार लांब जायला नको.

इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. त्या कायद्याखाली जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. कुणी काय केलं हे पाहायचंच नाही. कुठल्या जमातीत जन्मला एवढं पाहायचं. त्यांची नोंदवही ठेवली. वेळच्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. १९११च्या कायद्यानं नोंदलेल्या लोकांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही दिला. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, हे इथल्या अनेकांना माहीत आहे. हा कायदा रद्द होऊन या जमाती 'विमुक्त' झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी.

आता सांगा, त्या वस्तीत जन्मलेल्या बाळानं कोणता 'कर' केला होता? त्याला डर का असावा? कारण त्याच्याबद्दलची नोंद त्याच्या हातात नव्हती. नोंद करणारा एक, तिचा अर्थ लावणारा तोच आणि शिक्षा देणाराही तोच. कायदा गेला, तरी जुन्या नोंदींचा संशय आजही पारधी वस्तीचा पाठलाग करतो.

आणि आजची हजेरी? आपल्या खिशातला फोन आपण कुणाला फोन केला नाही तरी जवळच्या टॉवरशी संपर्क ठेवून असतो. म्हणजे आपण कुठल्या भागात आहोत याची नोंद होत राहते. पूर्वी हजेरी द्यायला चौकीवर जावं लागायचं. आता ती न सांगता लागते. फरक एवढाच, की आज ती सगळ्यांची लागते. ती वही कुणाच्या हाती, किती दिवस, कुठल्या नियमानं, हा आपला प्रश्न आहे.

मजकूर नाही, फक्त पाकीट

काहीजण म्हणतात, आमचे मेसेज कुणी वाचत नाही, ते सुरक्षित असतात. काही ॲपमध्ये मजकूर खरंच असा बंदिस्त असतो, की पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला वाचता येत नाही. पण पाकिटावरचा पत्ता? कुणी कुणाला, कधी, किती वेळा, कुठून संपर्क केला, या माहितीला 'मेटाडेटा' म्हणतात. पत्र न फोडताही पाकिटांवरून बरंच काही कळतं.

समजा, एका मुलीनं सोमवारी स्त्रीरोगतज्ज्ञाला फोन केला. मंगळवारी लॅबला. त्याच रात्री एका मैत्रिणीशी तासभर बोलली. बुधवारी पुन्हा डॉक्टरला. एकही शब्द न ऐकता तुम्ही मनात गोष्ट रचलीत की नाही? ती गोष्ट कदाचित चूकही असेल. पण तुमच्या जागी तिचं लग्न ठरवणारे असतील, तिला नोकरी देणारे असतील, तर चुकीच्या गोष्टीचंही मोल तिलाच चुकवावं लागेल.

डिजिटल माहितीचे तीन गुण लक्षात ठेवा. ती सहज जमते, सहज जोडली जाते आणि सहजासहजी पुसली जात नाही. औषधाच्या दुकानातलं बिल, रिक्षाच्या ॲपमधला प्रवास, रात्री दोनला शोधलेला एक शब्द, सुटे सुटे पाहिले तर किरकोळ. एकत्र जोडले की माणूस उघडा पडतो.

हा हक्क आपल्याकडे कसा आला?

हा पाश्चात्त्य चोचला आहे असंही ऐकायला मिळतं. तसं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात, माणसाची, घराची, कागदपत्रांची आणि चीजवस्तूंची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये, असं कलम घातलं होतं. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडमधले सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत याच आशयाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती मान्य करण्याची तयारी दाखवली. तरीही मतदानात ती फेटाळली गेली.

त्याच डिसेंबर महिन्यात, १० तारखेला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्यातलं १२वं कलम सांगतं, की कुणाच्याही खासगी आयुष्यात, कुटुंबात, घरात किंवा पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ होता कामा नये. पुढे नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात १७व्या कलमात तेच आलं, आणि भारतानं १९७९ मध्ये तो करार स्वीकारला.

आपल्या संविधानात मात्र 'खासगीपणा' हा शब्द नव्हता. म्हणून लढाई न्यायालयात झाली. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंग यांना १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपाखाली पकडलं आणि पुराव्याअभावी सोडलं. पण पोलिसांनी त्यांच्या नावाचं 'हिस्ट्रीशीट' उघडलं. शिपाई आणि चौकीदार रात्री-अपरात्री दारावर थाप मारायचे, झोपेतून उठवायचे, घरात आहेत का बघायचे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. पण बहुमतानं असंही म्हटलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं: शब्द लिहिलेला नसला तरी व्यक्तिस्वातंत्र्यात खासगीपणा येतोच.

ते अल्पमत बरोबर ठरायला पंचावन्न वर्षं लागली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या विरोधात २०१२ मध्ये याचिका केली. त्या सुनावणीत सरकारच्या वतीनं सांगितलं गेलं, की असा मूलभूत हक्कच नाही. म्हणून नऊ न्यायमूर्तींचं घटनापीठ बसलं. २४ ऑगस्ट २०१७ला त्यांनी एकमतानं निकाल दिला: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, २१व्या कलमातल्या जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच तो भाग आहे. त्या पीठावर मूळचे नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते आणि चौघांच्या वतीनं मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. आणीबाणीत ज्या निकालानं नागरिकांना वाऱ्यावर सोडलं होतं, तो १९७६चा जबलपूर खटल्याचा निकालही याच वेळी रद्दबातल ठरला. त्या जुन्या निकालाच्या बाजूनं असलेल्या न्यायमूर्तींमध्ये त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते.

तीन प्रश्नांची कसोटी

आता कुणी विचारेल, म्हणजे सरकारनं कुणाची माहिती घेऊच नये का? गुन्हेगार पकडायचे कसे, रेशन वाटायचं कसं? प्रश्न योग्य आहे. कोणताच मूलभूत हक्क बेलगाम नसतो. २०१७च्या निकालाचं खरं महत्त्व इथे आहे. हक्कावर मर्यादा घालायची असेल तर कसोटी लावा, असं त्यानं सांगितलं. आम्ही शिबिरात ती तीन प्रश्नांत सांगतो.

पहिला प्रश्न: कायदा आहे का? साहेबांना वाटलं म्हणून, वरून फोन आला म्हणून चालणार नाही.

दुसरा: हेतू योग्य आणि खरा आहे का?

तिसरा: जेवढं काम तेवढीच माहिती घेताय का? की रोगापेक्षा इलाज भयंकर? यालाच न्यायालय 'प्रमाणबद्धता' म्हणतं. आणि या सगळ्याचा गैरवापर होऊ नये म्हणून देखरेख हवी, हेही त्यात आलं.

ही कसोटी पुस्तकातच राहिली असं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे लाचखोरीच्या एका प्रकरणातल्या आरोपीचा अर्ज आला. त्याचा फोन सरकारी आदेशानं टॅप केला होता. कायदा सांगतो, की सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल तरच फोन ऐकता येतो. यात दोन्ही नव्हतं. न्यायालयानं ते आदेश रद्द केले आणि त्यातून मिळालेलं रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. आरोपी चांगला की वाईट, हा तिथे मुद्दाच नव्हता. ऐकणाऱ्यानं नियम पाळला का, हा होता.

आधारच्या निकालात, २६ सप्टेंबर २०१८ला, न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं कायदा मोठ्या प्रमाणात कायम ठेवला. सरकारी लाभांसाठी आणि पॅनसाठी आधार मागता येईल, असं म्हटलं. पण बँक खातं आणि मोबाइलला सक्तीनं जोडण्याची अट काढली, शाळेच्या प्रवेशासाठीही सक्ती नको म्हणून सांगितलं. ठसा जुळला नाही म्हणून गरजूला लाभ नाकारू नये, हेही त्यात आहे. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या वेगळ्या मतानुसार तर अख्खा कायदाच घटनाबाह्य होता.

इथे जरा थांबा आणि रेशन दुकानातल्या आजीचा विचार करा. आयुष्यभर खुरपणी करून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजल्यात. मशीन लाल दिवा दाखवतं. मागे रांग उभी आहे. तिला कुणी विचारलं का, 'आजी, तुमच्या ठशाला तुमची संमती आहे का?' आणि विचारलं तरी ती नाही म्हणू शकते का? ज्या संमतीला नकार देता येत नाही, ती संमती कसली? म्हणून आम्ही म्हणतो, की खासगीपणा हा श्रीमंतांचा विषय नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे नकार द्यायला पर्याय असतात. गरिबाकडे फक्त हक्क असतो.

नवा कायदा: काय मिळालं, काय राहिलं

२०२३ मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. यात चांगल्या गोष्टी आहेत. संमती मोकळेपणानं दिलेली, नेमक्या कामापुरती हवी. ती मागे घेता आली पाहिजे. आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, काढून टाकायला सांगण्याचा हक्क आहे. माहिती फुटली तर आपल्याला कळवलं पाहिजे. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये वाचायचा पर्याय दिला पाहिजे. म्हणजे मराठीत, कोकणीतही. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

उणिवाही मोठ्या आहेत. दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना सुरक्षितता, सुव्यवस्था अशा कारणांसाठी कायद्यातून सूट देऊ शकतं. तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाच्या नेमणुकाही केंद्र सरकारच करणार. आणि या कायद्यानं माहिती अधिकार कायद्याचं ८(१)(ञ) हे कलम बदललं आहे. पूर्वी व्यक्तिगत माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का, हे त्या कलमातच पाहावं लागायचं. आता ते शब्द गेले. कलम ८(२)मधली जनहिताची वाट शिल्लक आहे, पण अधिकाऱ्याला 'व्यक्तिगत माहिती' म्हणून हात झटकणं सोपं झालं.

महाराष्ट्राला याचं दुःख जास्त व्हायला हवं. केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५चा. त्याआधीच अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून आपल्या राज्यात तसा कायदा आला होता. खासगीपणा नागरिकासाठी आणि पारदर्शकता सत्तेसाठी, असा या दोन हक्कांचा मेळ आहे. सामान्य माणसाचं सगळं उघडं आणि साहेबाची फाइल मात्र 'खासगी', असं झालं तर गाडी उलटी फिरली म्हणायची.

हाच इशारा घरालाही लागू आहे. 'आमच्या घरातली खासगी बाब' म्हणून बाईला होणारी मारहाण झाकता येत नाही. २०१७च्या निकालातही हे सांगितलेलं आहे. आणि नवऱ्यानं बायकोचा, भावानं बहिणीचा फोन रोज तपासणं, याला काळजी म्हणत नाहीत. खासगीपणा कुटुंबाचा नसतो, त्यातल्या प्रत्येक माणसाचा असतो.

आपण काय करायचं?

शेवटी रोजच्या कामाच्या चार गोष्टी.

आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड आधार' डाउनलोड करून द्या. बायोमेट्रिक लॉक करण्याची सोयही आहे, ती वापरा. झेरॉक्स देताना तीवर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, कुठल्या तारखेला. पुढे गैरवापर झालाच तर निदान पुरावा राहतो.

दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागितला तर नाही म्हणा. नंबर दिल्याशिवाय विक्री नाही अशी सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलेलं आहे.

कुणी आपले खासगी फोटो पसरवले तर लाज त्याची, आपली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमानुसार तो गुन्हा आहे. आर्थिक फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

आणि कुणीही, खासगी असो वा सरकारी, माहिती मागितली की विचारा: कुठल्या नियमानं? कशासाठी? एवढीच पुरणार नाही का? किती दिवस ठेवणार? अजून कोण बघणार? पहिल्यांदा विचाराल तेव्हा समोरचा माणूस वैतागेल. 'तुम्हीच एकटे शहाणे का?' असंही म्हणेल. दहाव्या माणसानं विचारलं की कार्यालय उत्तर शोधायला लागेल.

आम्ही दुसऱ्या दिवशी शिबिरात त्या वडापावच्या कागदाबद्दल सांगितलं. त्या बाईंचं नाव अर्थातच सांगितलं नाही. मागच्या रांगेतल्या एक मावशी उठून म्हणाल्या, 'तो माझाबी असंल. मीबी भरलाय फारम.' मग दुसऱ्या उठल्या, मग तिसऱ्या. कागद नेमका कुणाचा होता हे आम्हाला ठाऊक होतं, पण खोलीतल्या प्रत्येकीला तो आपला वाटला. दुपारी त्या सगळ्या मिळून कार्यालयात गेल्या आणि एकच प्रश्न विचारून आल्या: 'आमचे जुने अर्ज कुठं ठेवता?' उत्तर त्या दिवशी मिळालं नाही. लेखी अर्जाची पोच मात्र मिळाली. ती त्यांनी जपून ठेवली आहे.